शिअर सेंटरचा प्रयोगसंच: चॅनेल उत्तम, नळी मात्र फसली

आमच्या महाविद्यालयातील स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या प्रयोगशाळेसाठी बीममधील शिअर (थरांना एकमेकांवर सरकवू पाहणारे बल) आणि शिअर सेंटर (जिथे भार टांगला तर बीम न पिळता नुसता वाकतो ती जागा) दाखवणारा एक प्रयोगसंच घेतला, त्याला आता दोन सत्रे झाली आहेत. या काळात तो मी स्वतः उघडला, जोडला, बिघडवला आणि एका ठिकाणी कापलाही. त्यामुळे त्याच्याविषयी काही लिहिण्याइतका परिचय झाला आहे असे वाटते. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही. खरेदी समितीत बसणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकांनी असा संच घेताना नेमके कुठे बोट ठेवून पाहावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी गरज कशी निर्माण झाली ते सांगतो. बेंडिंग, म्हणजे वाकणे, डोळ्यांना दिसते. पट्टी वाकवली की ती वाकलेली दिसते आणि एका बाजूचे तंतू ताणले गेले, दुसऱ्या बाजूचे दाबले गेले, हे कोणालाही पटते. शिअर तसा दिसत नाही. तोंडी परीक्षेत मुलगा धडाधड सांगतो की आयताकृती छेदात कमाल शिअर स्ट्रेस (दर क्षेत्रफळावर येणारे शिअरचे बल) सरासरीच्या दीडपट, भरीव वर्तुळाकृती छेदात चार-तृतीयांश आणि पातळ नळीत दुप्पट असतो. मग त्यालाच विचारावे, की चॅनेलच्या ([ अशा छेदाच्या बीमच्या) फ्लँजमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत, हा स्ट्रेस कोणत्या दिशेने जातो? तो वर-खाली असा बाण काढतो. फ्लँजच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर काहीही नाही, तेव्हा तेथे उभा शिअर जवळजवळ शून्यच असणार आणि जो काही आहे तो फ्लँजच्या रुंदीच्या दिशेने आडवा वाहणार, ही गोष्ट पन्नास वेळा सांगूनही डोक्यात उतरत नाही. ती हाताला जाणवावी यासाठी हा खटाटोप होता.

संचात पावडर कोटिंग केलेली जड लोखंडी चौकट आहे, तिच्यावर आलटून पालटून बसवायचे तीन भाग आहेत, ०.०१ मिलिमीटर लघुतम मापाचे दोन डायल गेज (बारीक हालचाल मोजणाऱ्या तबकड्या) आहेत, खाचांची वजने आणि एक प्रयोगपुस्तिका आहे. किंमत एका साध्या लॅपटॉपच्या आसपास जाते. चौकटीविषयी तक्रार नाही. ती टेबलाला बोल्टने आवळली की हलत नाही आणि या प्रयोगात ती न हलणे फार महत्त्वाचे आहे.

पहिला भाग सागवानी पट्ट्यांचा आहे. ४० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड अशा तीन पट्ट्या एकमेकींवर ठेवून ९०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर मांडायच्या आणि मध्यावर दोन किलोचे वजन टांगायचे. पट्ट्या सुट्या असताना मध्यबिंदू आमच्याकडे ३.१ मिलिमीटर खाली गेला. त्याच पट्ट्या एकजीव झाल्या तर मोमेंट ऑफ इनर्शिया (छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) १०,००० वरून ९०,००० मिलिमीटर चतुर्थ होतो, म्हणजे वाक नऊ पटींनी कमी व्हायला हवा. पुस्तिका सांगते की सहा मिलिमीटरचे बोल्ट घालावेत आणि पुन्हा मोजावे. पहिल्या तुकडीने बोल्ट घातले, बोटांनी फिरवून चापले आणि वाक आला २.६ मिलिमीटर. मुले गोंधळली आणि खरे सांगायचे तर क्षणभर मीही गोंधळलो.

कारण शोधताना मात्र धडा पुस्तिकेतल्यापेक्षा चांगला निघाला. या भाराखाली सुट्या पट्ट्या टोकाला एकमेकींवर सरकतात त्या जेमतेम ०.१ मिलिमीटर, आणि बोल्टची भोके साडेसहा मिलिमीटरची आहेत. म्हणजे बोल्ट भोकाच्या कडेला टेकेपर्यंत प्रयोग संपलेला असतो! बोल्ट खिळ्यासारखा अडवत नाही, तो फक्त पट्ट्या एकमेकींवर दाबतो आणि सरकणे थांबवण्याचे काम घर्षण करते. पान्याने घट्ट आवळल्यावर वाक ०.४ मिलिमीटरवर आला. आदर्श आकडा ०.३४ च्या आसपास आहे. पुस्तिकेत आवळण्याविषयी एक शब्द नाही. पान्याचा उल्लेख नाही आणि पेटीत पाना नाही.

या भागातला माझा आवडता हिशोब वेगळाच आहे. दोन पट्ट्यांमधील सांध्यावर शिअर स्ट्रेस किती येतो हे काढले, तर तो ०.०११ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे हसण्यावारी नेण्याइतका कमी येतो. पण टेकूपासून मध्यापर्यंतच्या ४५० मिलिमीटर लांबीवर आणि ४० मिलिमीटर रुंदीवर त्याची बेरीज केली की २०० न्यूटन होतात. दोन किलोच्या वजनामुळे सांध्यावर वीस किलोइतका रेटा साठतो, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को या रेल्वेमार्गावरचे लाकडी पूल बांधताना झुराव्स्की या रशियन अभियंत्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नेमका हाच रेटा भेडसावत होता. लाकूड तंतूंच्या दिशेने शिअरमध्ये दुबळे असते, ते आडवे तुटण्याआधी लांबीच्या दिशेने चिरते. आपण आज फळ्यावर जे सूत्र लिहितो ते त्याच्या या कामातून आले. मुलांना सरकणे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर सुट्या पट्ट्या मधोमध हाताने तीन सेंटिमीटर दाबाव्यात. टोकाला एक-एक मिलिमीटरच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. त्याआधी टोकांवर पेन्सिलने एक उभी रेघ मारून ठेवावी.

दुसरा भाग चॅनेलचा, आणि संच घ्यायचा तो याच्यासाठी. ६० मिलिमीटर उंच, ३० मिलिमीटर रुंद फ्लँज (ही दोन्ही मापे पत्र्याच्या मध्यरेषेपर्यंतची) आणि १.२ मिलिमीटर जाड पत्रा वाकवून केलेला चॅनेल एका टोकाला चौकटीत घट्ट बसवला आहे, ५०० मिलिमीटर लांबीचा कँटिलिव्हर म्हणून. मोकळ्या टोकाला वेबवर (दोन फ्लँज जोडणाऱ्या उभ्या पट्टीवर) एक आडवी, खुणा केलेली दांडी बोल्टने लावली आहे. तिच्यावर वजनाचा हूक इकडे-तिकडे सरकवायचा आणि दोन बाजूंना, एकमेकांपासून २०० मिलिमीटरवर ठेवलेल्या डायल गेजमधला फरक टिपायचा. फरक म्हणजे पीळ. ज्या जागी वजन टांगल्यावर दोन्ही गेज सारखेच खाली जातात, ती जागा शिअर सेंटरची.

पाच किलोचे वजन बरोबर वेबच्या रेषेत टांगावे. सामान्य माणसाला आणि बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते की आता चॅनेल सरळ खाली जाईल. तो खाली जातो ०.१२ मिलिमीटर आणि दोन गेजमधला फरक येतो दोन मिलिमीटरहून अधिक! वाकण्यापेक्षा पिळण्याचाच आकडा मोठा. वजन गुरुत्वमध्याच्या रेषेत, म्हणजे वेबपासून आत साडेसात मिलिमीटरवर नेले तर पीळ आणखी वाढतो, साडेतीन मिलिमीटरपर्यंत जातो. आणि वजन उलट दिशेने, चॅनेलच्या पाठीमागे जिथे पत्राच नाही अशा हवेतल्या जागी सरकवत नेले, की फरक कमी होत होत शून्यावर येतो. पोकळीत टांगलेल्या वजनाने बीम सरळ वाकतो, हे पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यासाठी समितीपुढे केलेली सगळी वकिली सार्थकी लागते.

कारण आता सांगणे सोपे जाते. वेबमधून शिअर खाली वाहतो, पण तो फ्लँजमधून आलेला असतो. वरच्या फ्लँजमध्ये एका दिशेला आणि खालच्यात उलट दिशेला. पाच किलोच्या भाराला प्रत्येक फ्लँजमध्ये सुमारे ९ न्यूटनचे आडवे बल येते आणि ही दोन बले ६० मिलिमीटर अंतरावरून चॅनेलला फिरवू पाहतात. या फिरवण्याचा तोल साधायचा तर भार वेबच्या पलीकडे न्यावा लागतो. एकसारख्या जाडीच्या पातळ चॅनेलसाठी हे अंतर म्हणजे फ्लँजच्या रुंदीच्या वर्गाची तिप्पट, भागिले उंची अधिक रुंदीची सहापट. इथे २७०० भागिले २४०, म्हणजे ११.२५ मिलिमीटर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस स्टुटगार्टला बाख यांनी चॅनेलवर चाचण्या घेतल्या तेव्हा मोजलेले स्ट्रेस नेहमीच्या बेंडिंगच्या सिद्धान्ताशी जुळेनात, आणि ते का जुळत नाहीत हे १९२१च्या सुमारास स्विस पूलबांधणीकार रोबेर मायार यांनी उलगडून दाखवले. शिअर सेंटर हे नावही त्यांच्याच लेखनातून रूढ झाले. काँक्रीटच्या नाजूक कमानींसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाने लोखंडी चॅनेलचे कोडे सोडवावे, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे.

आता या भागातील चूक. दांडीवरचा शून्य वेबच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी कोरला आहे, तर सूत्रातले ११.२५ हे वेबच्या मध्यरेषेपासूनचे अंतर आहे. पत्र्याची अर्धी जाडी ०.६ मिलिमीटर, तेव्हा दांडीवर १०.६५ वाचायला मिळणे हेच बरोबर. आमच्या आलेखात रेषा अक्षाला १०.७ वर छेदते, यापेक्षा चांगले उत्तर कोणी मागू नये. पण पुस्तिका दोन्ही आकडे तसेच शेजारी ठेवते, आणि त्यामुळे पाच टक्के त्रुटी आली, कारण उपकरणातील घर्षण, असे जर्नलमध्ये लिहिले जाते. मी त्या पानावर लाल शाईने दुरुस्ती चिकटवली आहे. विशेष म्हणजे डायल गेजच्या स्प्रिंगचा वर ढकलणारा दाब दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे फरकातून तो वजा होतो आणि दांडीचे स्वतःचे वजनही सुरुवातीला गेज शून्यावर लावल्याने निघून जाते. म्हणजे उपकरणाची रचना करणाऱ्याला विषय कळला आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याविषयी मात्र तसे म्हणवत नाही.

दुसरी एक अडचण हुशार विद्यार्थ्यांना येते. ते पीळ नेहमीच्या सूत्राने काढतात, म्हणजे टॉर्क (पिळण्याचा जोर) गुणिले लांबी भागिले पीळकडकपणा, आणि गेजमधला फरक दहा मिलिमीटर यायला हवा असे सांगतात. प्रत्यक्षात येतो जेमतेम त्याच्या एक-पंचमांश. इथेही उपकरण निर्दोष आहे. उघडा छेद पिळताना त्याचे फ्लँज लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकू पाहतात, याला आपण वॉर्पिंग म्हणतो, आणि बसवलेल्या टोकाला ते सरकणे अडवलेले आहे. फ्लँज मग स्वतः आडवे वाकून पिळाला विरोध करतात. सोव्हिएत अभियंते व्लासोव यांनी पातळ भिंतींच्या बीमविषयी मांडलेला सिद्धान्त वापरला की आकडा पाचपट खाली येतो आणि मोजमापाशी जुळतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवत नाहीत, तरीही विचारणाऱ्या मुलाला मी एका कागदावर करून देतो. पुस्तिकेत वॉर्पिंग हा शब्दच नाही.

जाता जाता एक गोष्ट. आमच्याकडची बरीच मुले सुट्टीत एमआयडीसीतल्या शेडच्या कामांवर जातात. छपरावर चॅनेलची पर्लिन (पत्रे पेलणारा आडवा बीम) लावताना तिची उघडी बाजू उताराच्या वरच्या दिशेला ठेवतात, हे त्यांना फिटरने सांगितलेले असते. का, ते सांगितलेले नसते. दहा अंशांच्या उतारावर १०० मिलिमीटरच्या चॅनेलमध्ये वेबच्या माथ्यावरून सरळ खाली ओळंबा सोडला, तर मध्य उंचीवर तो वेबपासून सुमारे ९ मिलिमीटर उताराच्या खालच्या बाजूला पडतो. पाठ खालच्या बाजूला असेल तर शिअर सेंटरही त्याच बाजूला असते, भार त्याच्या जवळून जातो आणि पर्लिन कमी पिळते. उलटी लावली तर भार शिअर सेंटरपासून आणखी लांब जातो. चॅनेलचा प्रयोग झाल्यावर हे सांगितले की एखादा तरी म्हणतो, "सर, आमच्या साईटवर दोन ओळी उलट्या होत्या."

तिसरा भाग नळ्यांचा, आणि माझी मुख्य तक्रार इथे आहे. ५० मिलिमीटर मध्यव्यासाच्या, १.२५ मिलिमीटर जाडीच्या, ४०० मिलिमीटर लांबीच्या दोन सारख्या नळ्या आहेत. एक अखंड, दुसरीला लांबीभर करवतीने चीर दिलेली. दोघींना सारखाच पीळ द्यायचा आणि तुलना करायची. पुस्तकी गणिताप्रमाणे चिरलेली नळी त्रिज्या-जाडीच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या तिप्पट, म्हणजे १२०० पटींनी अधिक पिळली पाहिजे. अखंड नळीत शिअर फ्लो (भिंतीतून वाहणारा शिअर) गोल फिरून स्वतःला मिळतो आणि त्याला त्रिज्येचा मोठा हात मिळतो. चिरलेल्या नळीत त्याला पत्र्याच्या जाडीच्या आतच जाऊन परत यावे लागते. विषयातले हे सर्वांत नाट्यपूर्ण उदाहरण आहे आणि जाहिरातपत्रकात याच नळ्यांचे छायाचित्र सर्वांत मोठे होते.

आम्ही १० न्यूटन-मीटरचा पीळ दिला. अक्षापासून २०० मिलिमीटरवरच्या गेजवर अखंड नळीने ०.०८ मिलिमीटर दाखवले. चिरलेल्या नळीने दाखवले अर्ध्या मिलिमीटरच्या जरासे वर. बाराशे पट कुठे आणि सहा-सात पट कुठे! वर्गात शांतता पसरली. एका मुलीने विचारले की सर, चीर पूर्ण गेली आहे ना? चीर पूर्ण होती. घोटाळा टोकांना होता. उत्पादकाने दोन्ही नळ्यांच्या दोन्ही टोकांना जाड गोल चकत्या वेल्ड करून टाकल्या आहेत. चिरलेली नळी पिळताना चिरेच्या दोन कडा एकमेकींच्या बाजूने लांबीच्या दिशेने सरकल्या पाहिजेत. चकती त्यांना दोन्ही टोकांना घट्ट धरून ठेवते. आखूड नळीत ही अडवणूक इतकी प्रबळ असते की चीर असून नसल्यासारखी होते.

मी उत्पादकाला फोन केला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने बोलले, पण वेल्ड न करता दांडी कशी बसवणार, असा त्यांचा सवाल होता. शेवटी आमच्या कार्यशाळेतल्या मिस्त्रींनी मोकळ्या टोकाची चकती ग्राइंडरने कापून काढली आणि चिरेच्या बरोबर समोरच्या बाजूला, एकाच जागी, दांडी बोल्टने बसवून दिली. आता तोच पीळ दिल्यावर गेज दोन मिलिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे अखंड नळीच्या पंचवीसपट. बाराशे अजूनही नाहीत, कारण दुसरे टोक बसवलेलेच आहे. पण आकड्यांचा मेळ लागतो आणि कारणही सांगता येते. गॅरंटी अर्थातच गेली.

बाराशे पटींची जाणीव करून द्यायला मी आता कापडाच्या ताग्यात असते ती पुठ्ठ्याची नळी वापरतो. दुकानदार ती फुकट देतो. आधी अखंड नळी मुलाच्या हातात द्यावी आणि पिळायला सांगावे. दंड दुखेपर्यंत पिळली तरी ती हलत नाही. मग ब्लेडने लांबीभर चीर द्यावी, चिरेवर स्केचपेनने आडव्या रेघा माराव्यात आणि पुन्हा पिळायला सांगावे. नळी दोन बोटांनी पिळते, रेघा तुटून एकीकडचे अर्धे पुढे आणि दुसरीकडचे मागे जातात. संचातल्या नळीत चकत्यांनी दाबून टाकलेली गोष्ट नेमकी हीच.

सेवेविषयी थोडक्यात. पेटी वेळेवर आली, वेष्टण चांगले होते; एक डायल गेज अडकत होता तो त्यांनी विनातक्रार बदलून दिला. वजने थोडी जड-हलकी आहेत, आमच्या तराजूवर पाच किलोच्या संचात काही ग्रॅमचा फरक आला, या प्रयोगाला तो चालतो. पुस्तिकेची छपाई सुबक आहे.

मागणी नोंदवणाऱ्यांनी कोटेशन मागवतानाच लिहून घ्यावे की चिरलेल्या नळीच्या मोकळ्या टोकाला चकती नको, दांडीचा शून्य वेबच्या मध्यरेषेवर हवा आणि पट्ट्यांबरोबर पाना हवा. नळ्यांचा भाग वगळून फक्त चौकट आणि चॅनेल स्वस्तात मिळत असेल, तर मी पुढच्या वेळी तेवढेच घेईन आणि ताग्याची नळी शहरातल्या कापडबाजारातून आणीन.